व्हॉल्व्हची गळती थांबली ती अशी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. उजनीहून एवढ्या लांबून आणलेलं पाणी आमच्या बोळाच्या तोंडाशी व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून गटारात जायचं. महापालिकेत तोंडी सांगून थकलो. ‘बघतो’ हे उत्तर पाठ झालं होतं.

शेवटी शेजारचे यंत्रमागवाले काका म्हणाले, “नुसतं बोलू नको बाळा, कागद दे आन् शिक्का घे.” अर्ज दोन प्रतींत दिला, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतली. गळतीखाली १५ लिटरची बादली धरली. ४ मिनिटांत भरली. तेही अर्जात लिहिलं. माझ्या मते काम झालं ते या एका ओळीनं.

पालिकेचा चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, आला, तर खड्डा चिखलानं तुडुंब. रविवारी आम्ही सहा जणांनी घमेल्यांनी उपसला. व्हॉल्व्हला मात्र हात लावला नाही, ते त्यांचंच काम. त्यानं ग्लँडचे, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गळती अडवणाऱ्या भागाचे, नट सैल करून कुजलेली दोरी ओढून काढली, ग्रीस लावलेली नवी गुंडाळली. वीस मिनिटांचं काम!

खड्ड्याचं झाकण अजून आलेलं नाही. तूर्त शहाबादी फरशी टाकलीय.