बालगृहातून समाजकार्याच्या वर्गात: तयारी कशी करावी

बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना ‘पुढे काय व्हायचे आहे?’ असे विचारले, तर ‘मॅडमसारखे काम करायचे आहे’ असे उत्तर बरेचदा मिळते. ‘मॅडम’ म्हणजे संस्थेतील समुपदेशक, मुलांची चौकशी करून अहवाल देणारे परिविक्षा अधिकारी किंवा मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे फायली घेऊन उभी राहणारी समाजकार्यकर्ती. क्षेत्रकार्याची, म्हणजे समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामातील प्रशिक्षणाची, पर्यवेक्षक म्हणून अशा काही विद्यार्थ्यांबरोबर मी काम केले आहे. या वाटेवर इच्छेइतकेच महत्त्व वेळेच्या हिशेबाला असते, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

हा हिशेब आधी मांडून पाहा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ नुसार अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य देता येते. नियमांप्रमाणे अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या निवाऱ्याची व आधाराची, सोय सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. बारावीनंतर तीन वर्षांची समाजकार्यातील पदवी, म्हणजे बीएसडब्ल्यू, आणि त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, केल्यास अठरा, एकवीस आणि तेवीस हे आकडे तंतोतंत जुळतात. पण म्हणूनच एखाद्या दाखल्यापायी एक वर्ष वाया गेले, तर शेवटच्या वर्षी डोक्यावर छप्पर राहील की नाही, हा प्रश्न उभा राहतो. शिवाय कायद्याची भाषा ‘देता येईल’ अशी आहे, ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. त्यामुळे कोणी आपणहून आणून देईल, अशी वाट पाहू नका. सतराव्या वर्षीच संस्थेच्या अधीक्षकांकडे आणि जिल्ह्यातील बालसंरक्षणाचे काम पाहणाऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे शिक्षणाची योजना लेखी मांडा आणि अर्जाची पोच घ्या. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. शहरातील खोलीभाडे पाहता ही रक्कम अपुरी असली, तरी मेस आणि बसच्या पासाला तिचा आधार होतो.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ नावातील फरकामुळे जातो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि समितीच्या आदेशात तिसरे, असे आढळले तर दुरुस्ती संस्थेत असतानाच करून घ्या. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथ मुलांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बालगृहात वाढलेला प्रत्येक जण अनाथ ठरत नाही. ज्यांची आई किंवा वडील हयात आहेत आणि केवळ परिस्थितीमुळे ज्यांना संस्थेत ठेवले गेले, अशी मुले पुष्कळ असतात. त्यांना हे प्रमाणपत्र मिळाले नाही, तरी कलम ४६ चा मार्ग त्यांना बंद होत नाही, कारण तेथे निकष संस्थेतून बाहेर पडण्याचा आहे, अनाथ असण्याचा नाही.

महाविद्यालय निवडताना केवळ नावाकडे पाहू नका. १९३६ साली सुरू झालेली मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबईतीलच निर्मला निकेतन आणि पुण्यातील कर्वे समाजसेवा संस्था यांची परंपरा मोठी आहे. तरीही वसतिगृह मिळणार नसेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणचे महाविद्यालय अधिक शहाणपणाचे ठरू शकते. प्रवेशाच्या मुलाखतीत आपली कहाणी सांगावी का, असे मला अनेकदा विचारले जाते. सांगणे बंधनकारक नाही. सांगायचीच असेल, तर दोन वाक्यांत सांगा आणि तिसऱ्या वाक्यात कामाकडे वळा. सहानुभूतीवर मिळालेला प्रवेश पुढे दोन वर्षे मानेवर बसतो.

खरी कसोटी क्षेत्रकार्यात लागते. पहिल्या वर्षी बालगृहाऐवजी रुग्णालय, वस्ती किंवा शाळा मागून घ्या, असा माझा आग्रह असतो. माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षी एका बालगृहात रुजू झाली, तेव्हा फाटकावरच्या भेटवहीत ‘नाते’ हा रकाना पाहून ती पेन हातात धरून बराच वेळ उभी राहिली. लहानपणी याच रकान्यात आपल्यासाठी कोणी काही लिहील, याची वाट पाहत ती बसत असे. शेवटी तिने ‘प्रशिक्षणार्थी’ असे लिहिले आणि आत गेली. असे क्षण येणारच. ते दडपून न ठेवता पर्यवेक्षकांबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत, म्हणजे विद्यार्थी जिला ‘आयसी’ म्हणतात तिच्यात, मांडा. आयसी ही केवळ रिपोर्टवर सही घेण्याची वेळ नव्हे.

मात्र अहवाललेखनात तुमचा अनुभव इतरांना सहजासहजी न मिळणारे बळ देतो. तुमच्याविषयी कोणीतरी लिहिलेल्या फायलीबरोबर तुम्ही वाढलेले आहात. त्याच विद्यार्थिनीच्या वर्गमित्राने एका मुलाविषयी ‘हट्टी व उद्धट’ असे लिहिले होते. तिने त्याच प्रसंगाचे लेखन असे केले: ‘दुसऱ्यांदा भात मागितल्यावर नकार मिळाला, तेव्हा तो ताट तसेच ठेवून उठला, रात्री त्याने काळजीवाहकांकडे बिस्किटे मागितली.’ पहिल्या नोंदीवरून समितीला मुलाचा स्वभाव कळल्यासारखे वाटते, दुसरीवरून त्याची भूक कळते. मुलाची परिस्थिती समितीपुढे मांडणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालात डोळ्यांनी दिसलेले आणि कानांनी ऐकलेले आधी लिहा. आपला निष्कर्ष वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

याची दुसरी बाजूही आहे. समोरच्या मुलाचे दुःख आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे वाटू लागले की प्रश्न विचारणे थांबते. ‘मलाही असेच झाले होते’ हे वाक्य ओठांवर आले, तर ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे आधी तपासा. आपण वाढलो त्याच संस्थेत क्षेत्रकार्य घेणे टाळावेच. तेथील कर्मचारी तुम्हाला ‘आमचे बाळ’ म्हणून चहा देतील, पण तुमचा प्रतिकूल अहवाल स्वीकारणे त्यांना जड जाईल.

पदवीनंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे, स्वयंसेवी संस्था आणि रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षकाची पदे, असे पर्याय असतात. शासकीय जाहिरातीत समाजकार्यातील नेमकी कोणती पदवी मागितली आहे, ते शब्दशः वाचा. कंत्राटी पदांवर पहिले वेतन हाती पडायला काही महिनेही लागू शकतात. म्हणून अनुरक्षण गृह सोडण्याची तारीख आणि रुजू होण्याची तारीख यांच्यामध्ये कोठे राहणार, हे एमएसडब्ल्यूच्या तिसऱ्या सत्रातच ठरवून ठेवा.