टीआयएफआरमध्ये पीएच.डी.ला येताय? सेमिनारपासून सुरुवात करा

मिरजेहून कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले, त्याच आठवड्यात लॅबमधल्या सीनिअरनं सांगितलं, "बुधवारी चारला ऑडिटोरियममध्ये ये. काही कळलं नाही तरी ये." बुधवारचा कलोक्वियम, म्हणजे सगळ्या विषयांच्या लोकांसाठीचं व्याख्यान, अख्ख्या संस्थेचा असतो. त्या दिवशीचा विषय होता न्यूट्रॉन तारे, आणि मी जीवशास्त्राची. दहाव्या मिनिटाला धागा सुटला. शेवटी पुढच्या रांगेतून एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं, "तुमचं म्हणणं चूक ठरायचं असेल, तर नेमकं काय दिसायला हवं?" हा प्रश्न मात्र मला पूर्ण कळला. तो मी वहीत लिहून घेतला आणि आजही प्रत्येक टॉकला मनात धरून बसते.

जेजीईईबीआयएलएस ही जीवशास्त्राची प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत यांची तयारी कशी करायची, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. आत आल्यावर काय, हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या जीवशास्त्र विभागाची सुरुवात 1962 सालची. टीआयएफआर तेव्हा भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांची संस्था. ग्लासगोला जनुकशास्त्रज्ञ पाँतेकोर्व्होंकडे पीएच.डी. केलेल्या ओबेद सिद्दीकींसाठी भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी टीआयएफआरचे संस्थापक होमी भाभांकडे शब्द टाकला, आणि भाभांनी तिशीतल्या या माणसाच्या हाती रेण्वीय जीवशास्त्राचा नवा गट दिला. आधी माणूस शोधायचा आणि मग त्याच्याभोवती काम उभं करायचं, ही भाभांची रीत. पुढे याच गटातून बंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, उभं राहिलं. संस्थापक संचालक सिद्दीकीच. त्यांच्यानंतर तिथं संचालक झालेले विजयराघवन हे टीआयएफआरमध्येच पीएच.डी. केलेले. संचालकपद सुटल्यावरही सिद्दीकी लॅबमध्ये येत राहिले. 2013 मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांचं काम चालूच होतं. मला नेतृत्व म्हणून हेच भावतं. ज्याच्या सहीनं सगळं चालतं, त्याच्याही टेबलावर प्रयोगाच्या फळमाश्यांच्या बाटल्या असाव्यात.

व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचं नाव तर मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. मूळ गोव्याचं कुटुंब, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचं. सिद्दीकींचं काम वाचून त्यांनी पत्र लिहिलं आणि पीएच.डी.साठी थेट मुंबई गाठली. फळमाशीला वास आणि चव कशी कळते, यावरचं त्या दोघांचं 1978 चं काम आजही या विषयातल्या मुलांना वाचावं लागतं. आवडलेल्या कामाबद्दल अनोळखी शास्त्रज्ञाला पत्र लिहायला कचरू नका.

आता माझ्या पहिल्या वर्क सेमिनारबद्दल, म्हणजे आपलं चालू काम सगळ्यांसमोर मांडायचं त्याबद्दल. मी ज्या जनुकबदल असलेल्या फळमाश्यांवर काम करते, त्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि थंडाव्यात आणल्या की उठून चालायला लागतात. सिद्दीकी आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेंझर यांनी 1970 च्या दशकात अशाच माश्यांवर काम केलं होतं. माझा आलेख देखणा होता. 38 अंशांचा वॉटर बाथ, म्हणजे ठरावीक तापमानाच्या पाण्याचं भांडं, दर दहा सेकंदांनी उभ्या माश्यांची मोजणी, सुरेख उतरती रेघ. तिसऱ्याच स्लाईडला मागून प्रश्न आला, "साध्या माश्या त्याच दिवशी, त्याच बाथमध्ये ठेवल्या होत्या?" साध्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, जनुकबदल नसलेल्या माश्या. नव्हत्या ठेवल्या. त्या मी आधीच्या आठवड्यात, दुसऱ्या बाथमध्ये केल्या होत्या. मी गाईडकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या मान किंचित हलवून, तूच सांग, असं सुचवलं. मी म्हटलं, "नाही, वेगळ्या दिवशी केल्या." पुढचा मिनिटभर घसा कोरडा पडला होता, पण सेमिनार पुढे सरकला. लपवालपवी केली असती तर तिथंच अडकला असता.

त्याच दिवशी संध्याकाळी सातला गाईड लॅबमध्ये आल्या. बाटल्यांचे कापसाचे बोळे काढून आम्ही दोघींनी दोन्ही प्रकारच्या माश्या नळ्यांत भरल्या आणि त्या नळ्या शेजारी शेजारी बाथमध्ये ठेवल्या. गाईड स्टॉपवॉच धरून आकडे सांगत होत्या, मी लिहीत होते. रेघ थोडी बदलली, पण फरक टिकला. चारचौघांत विद्यार्थ्याच्या वतीनं उत्तर न देणं आणि संध्याकाळी त्याच्या शेजारी उभं राहणं, या दोन्ही गोष्टी मी त्या एका दिवसात पाहिल्या. गाईड निवडताना पेपर किती, हे बघाच, पण त्या लॅबच्या मुलांचा एखादा सेमिनारही बसून ऐका. प्रश्न आला की गाईड काय करतात, तेवढं पाहिलंत तरी पुष्कळ कळतं.

बाकी सवयीच्या गोष्टी. टॉकच्या आदल्या रात्री वक्त्याच्या एका पेपरचा सारांश वाचून जा. मागच्या रांगेत बसू नका, तिथं मोबाईल निघतोच. पहिल्या सहा महिन्यांत एक तरी प्रश्न विचारा, आवाज कापला तरी चालेल. इंग्रजीचं दडपण मलाही होतं, कारण बारावीपर्यंतचं माझं सगळं बोलणं मराठीत. छोटं वाक्य करा, एकच गोष्ट विचारा. जर्नल क्लबला, म्हणजे दुसऱ्यांचे पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीला, पेपर तुमच्याकडे आला तर आधी आकृत्या बघा, लेखकांचं म्हणणं नंतर वाचा. पाहुण्या वक्त्यासोबत विद्यार्थ्यांचं जेवण ठरलं तर नाव नक्की द्या. सभागृहात न निघालेल्या अडचणी, फसलेले प्रयोग, पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) जागा, सगळं तिथं निघतं.

पुढच्या महिन्यात माझ्या ज्युनिअरचा पहिला वर्क सेमिनार आहे. काल तिनं बत्तीस स्लाईड पाठवल्या. रात्री कँटीनमध्ये बसून आम्ही त्या अठरावर आणल्या, आणि प्रत्येक आलेखावर साध्या माश्यांची रेघ आहे ना, ते तिनं स्वतःच बोट ठेवून तपासलं.