आईबाबांना घेऊन कॅम्पर व्हॅनने: न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया

एडिसनच्या घरून निघून आईबाबांना फ्रीमाँटला, बहिणीकडे, कॅम्पर व्हॅनने न्यायचे असेल, तर इंटरस्टेट ८० हा सर्वांत सरळ रस्ता आहे. इंटरस्टेट २८७ने उत्तरेला पार्सिपनीपर्यंत गेले की तो लागतो आणि अकरा राज्ये ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो. एकूण अंतर सुमारे २,९०० मैल. हे अंतर पाच दिवसांत कापणारे वीर आहेत, पण सत्तरीतली माणसे बरोबर असताना त्यांच्या वाटेला जाऊ नये. दिवसाला ३५० मैल आणि मध्ये दोन दिवस पूर्ण विश्रांती, असे दहा-अकरा दिवस हाताशी ठेवावेत आणि जून ते सप्टेंबर हाच काळ निवडावा.

व्हॅन भाड्याने घेताना ती दुसऱ्या गावी सोडण्याचे शुल्क आणि मैलांची मर्यादा आधी विचारावी. झोपण्याच्या जागांइतक्याच सीट बेल्टचा पट्टा असलेल्या जागा असतील असे नाही, म्हणून त्या स्वतः मोजाव्यात. आमच्या आईला चालत्या गाडीत चहा टाकायचा होता. आगगाडीत चहा मिळतोच की, हा तिचा युक्तिवाद बिनतोड असला तरी गाडी चालू असताना सर्वांनी पट्टा लावून बसायचे आणि शेगडीच्या प्रोपेन गॅसची झडप बंद ठेवायची, हा नियम पहिल्याच दिवशी घालून द्यावा.

खरी कसोटी स्वयंपाकाची आणि पाण्याची असते. एवढ्याशा जागेत मिरचीची फोडणी दिली की धुराचा भोंगा किंचाळू लागतो. म्हणून छतावरचा पंखा आधी सुरू करावा, किंवा सरळ बाहेरच्या टेबलावर वेगळी शेगडी मांडावी. ताटे धुण्यापूर्वी कागदाने नीट पुसून घ्यावीत, कारण आमटीचे तेल आणि शिते सांडपाण्याच्या टाकीत गेली की तिसऱ्या दिवशी व्हॅनभर वास सुटतो. शौचाची टाकी वेगळी असते. मुक्कामी नळी जोडलेली असली तरी या टाकीची झडप बंदच ठेवावी, कारण ती उघडी राहिल्यास पाणी वाहून जाते आणि मैला तळाशी घट्ट बसतो. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या ठिकाणी, हातमोजे घालून आधी ही टाकी रिकामी करावी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी मात्र कायम निराळ्या डब्यात ठेवावी.

मुक्कामासाठी विजेची जोडणी असलेली जागा आधीच आरक्षित करावी. ३० अँपिअरच्या जोडणीवर सुमारे ३,६०० वॉट मिळतात. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली एकदम लावली की खटका पडतो.

आयोवा आणि नेब्रास्का मक्याच्या शेतांमधून निवांत पार पडतात. खरी दक्षता वायोमिंगमध्ये हवी. शायेन आणि लॅरमीच्या दरम्यान रस्ता ८,६०० फुटांच्या वर चढतो आणि पुढे एल्क माउंटनच्या परिसरात आडवा वारा उंच, हलक्या गाड्यांना ढकलतो. कधीकधी अशा वाहनांपुरता रस्ता बंदही ठेवतात. तेव्हा सकाळी ५११ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या क्रमांकावर चौकशी करूनच निघावे आणि हा टप्पा दुपारच्या आत ओलांडावा. लॅरमीला पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातली डाळ शिजता शिजत नाही. लहान कुकर बरोबर घेतलेला बरा. नेवाडात गावे विरळ आहेत. तिथे टाकी निम्मी झाली की एल्को किंवा विनेमका येथे इंधन भरून घ्यावे.

कॅलिफोर्नियात शिरताच ट्रकी येथे शेतीविषयक तपासणी नाका लागतो आणि फळे, भाज्या, रोपे यांची चौकशी होते. आईने लेकीसाठी जपून आणलेली कढीपत्त्याची कुंडी तिथून पुढे जाणार नाही, कारण लिंबूवर्गीय झाडांचा घात करणारी एक कीड कढीपत्त्यावरही पोसली जाते. हे तिला एडिसनमध्येच समजावून सांगावे. नाक्यावर सांगणे फार अवघड जाते. पुढे डॉनर घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून न ठेवता गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवावी.

फ्रीमाँटच्या आधीच्या मुक्कामी दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, कारण बहिणीच्या दारात ती सोय नसते. व्हॅन तिच्या ड्राइव्हवेत मावेल का आणि सोसायटीच्या नियमांत ती रात्रभर उभी करता येईल का, हे निघण्यापूर्वीच तिला विचारून ठेवावे. घराच्या साध्या प्लगवर फ्रिज चालतो, एसी चालत नाही. आईबाबांचे अंथरूण त्या रात्री घरातच घालावे.