फुल डुप्लेक्समध्ये स्वतःचा सिग्नल कापायच्या आधी हे करून बघा

फुल डुप्लेक्सचं प्रोजेक्ट घेतलेली पोरं एकाच जागी अडकतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी पाठवायचं नि ऐकायचं, पाठवतोय काय ते माहितीच आहे, मग ऐकलेल्यातून आपला सिग्नल वजा केला की झालं! तसं होत नाही. बेळगावच्या पावसात मिरवणुकीतल्या ढोलाचं पान ढिलं पडतं, मारतोय एक नि वाजतंय दुसरंच, इथंही कॉम्प्युटरमधला सिग्नल वेगळा आणि अँटेनातून निघतो तो वेगळा.

वायफायचे 20 डीबीएम (1 मिलिवॉटच्या मानानं मोजलेले डेसिबल) पाठवले, रिसिव्हरचा नॉईज फ्लोअर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या खरखरीची पातळी, उणे 90 डीबीएम धरला, तर 110 डीबी कापायला लागतं, म्हणजे दहा हजार कोटी पट. स्टॅनफर्डवाल्यांनी 2013 मध्ये एका अँटेनावर तेवढं करून दाखवलंय. पण 12 बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) कागदावरच 74 डीबीची रेंज देतो, म्हणून बरंचसं त्याच्या आधीच कापलं पाहिजे.

आता प्लूटोसारखा एसडीआर (सॉफ्टवेअरनं चालणारा रेडिओ बोर्ड) घ्या, टीएक्स (पाठवायचं टोक) ते आरएक्स (ऐकायचं टोक) केबल, मध्ये सिग्नल कमी करणारा 30 डीबीचा अटेन्युएटर, हवेत काही सोडू नका. एजीसी (ऑटोमॅटिक गेन कंट्रोल) बंद करा, नाहीतर गेन आपोआप हलतो आणि कुठलाच आकडा खरा राहत नाही, आमचा अख्खा आठवडा यातच गेला होता.

सेंटरपासून 1 मेगाहर्ट्झवर एक टोन सोडा. उणे 1 वर सावली दिसली तर आयक्यू इम्बॅलन्स, म्हणजे सिग्नलचे आय आणि क्यू हे दोन भाग नीट जुळलेले नाहीत. पण कुणाचा? रिसिव्हरचा एलओ (सेंटर फ्रिक्वेन्सी ठरवणारा लोकल ऑसिलेटर) 0.1 मेगाहर्ट्झनं वर सरकवा, टोन 0.9 वर येईल, सावली उणे 1.1 वर गेली तर ट्रान्समीटरची, उणे 0.9 वर गेली तर रिसिव्हरची. मला ही टेस्ट फार आवडते, पाच मिनिटांत भांडण मिटतं.

मग 1 आणि 1.2 वर दोन टोन. 0.8 आणि 1.4 वर काही उगवलं, आणि ट्रान्समिट 1 डीबीनं उतरवल्यावर ते 3 डीबीनं पडलं, तर वाकडेपणा (नॉनलिनिअरिटी) आहे. अटेन्युएटर वाढवूनही टोनच्या मानानं तेवढंच राहिलं तर दोष पॉवर अँपचा.

टोनच्या बुडाशी पसरलेला घेर म्हणजे फेज नॉईज, एलओची थरथर. प्लूटोत टीएक्स-आरएक्सचे एलओ बनवणारे सिंथेसायझर वेगवेगळे आहेत, त्यामुळं तो पूर्ण कटत नाही, दोन्हीकडं एकच एलओ देणारा बोर्ड मिळाला तर तोच घ्या.

एवढं कळल्यावरच कॅन्सलर (स्वतःचा सिग्नल कापणारा कोड) लिहा, आयक्यूसाठी सिग्नलचा कॉम्प्लेक्स कॉन्जुगेट आणि अँपसाठी तिसऱ्या-पाचव्या घाताच्या टर्म लीस्ट स्क्वेअरमध्ये (चूक कमीत कमी ठेवणाऱ्या गणितात) घाला, नुसते फिल्टरचे टॅप वाढवून काही हलत नाही बघा.