घरातला फायकस पानं गाळतोय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात मला तोच फोटो येतो. फरशीवर पसरलेली पानं, मागे केविलवाणा उभा फायकस आणि खाली एकच प्रश्न, "कुठलं खत घालू?"

कुठलंच नाही. आधी खताची पिशवी खाली ठेवा.

हा बारीक चकचकीत पानांचा फायकस बेंजामिना म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांचा भाऊबंद. आपल्याकडच्या जंगलांपासून थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो मोकळ्यावर मोठा वृक्ष होऊन वाढतो. आपण त्याला आणून टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात उभा करतो. तिथे त्याने रुसू नये तर काय करावं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाडाला घरभर फिरवणं. माझ्या मावसबहिणीला वास्तुशांतीला कुणीतरी चार फुटी बेंजामिना दिला. झाड पुण्याजवळच्या उरुळीकडच्या नर्सरीतलं, उघड्या उन्हात वाढलेलं. हिने ते हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं, कारण तिथे "शोभून दिसत होतं". चौथ्या दिवशी फोन. "ताई, केर काढताना सुपलीभर पानं निघाली गं!" मी म्हटलं, खिडकीजवळ ठेव आणि महिनाभर हात लावू नकोस. तिने पहिलं अर्धं वाक्य ऐकलं. झाड गॅलरीत गेलं, दुपारच्या उन्हात पानं करपली, तिथून बेडरूममध्ये एसीखाली आलं. मग कुणा हौशी माणसाचा व्हिडिओ बघून तिने त्याची कुंडी बदलली, दुप्पट मोठी घेतली. वर मूठभर डीएपी खत. आणि रोज तांब्याभर पाणी, "बिचारं सुकतंय म्हणून".

गणपतीत मी गेले तेव्हा झाडावर मोजून तीसेक पानं होती. कुंडी एका सुंदर चिनी मातीच्या भांड्यात बसवली होती, आणि त्या भांड्याला भोक नव्हतं. उचलली तर खाली चार बोटं पाणी, वास थेट गटारीचा. मुळं काळपट झाली होती. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून येई आणि आत नुसता दोरा राही. कुजलेली मुळं अशीच ओळखायची. निरोगी मूळ फिकट असतं, दाबलं तर टणक लागतं. ती सगळी घाण कात्रीने कापली, उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्या लहान कुंडीत झाड लावलं आणि पूर्वेच्या खिडकीशी ठेवलं. (कापताना हातमोजे घाला. फायकसचा पांढरा चीक अंगाला लागला की खाज सुटते.) सात आठवडे काहीही झालं नाही. ती रोज विचारायची, मी रोज "थांब" म्हणायचे. मग एका फांदीच्या टोकाला वडाला येतो तसा अणकुचीदार हिरवा कोंब दिसला.

मुळात पहिली पानं का पडली? उन्हात वाढलेल्या पानांना उजेड भरपूर लागतो. अंधाऱ्या खोलीत त्यांची कमाई घटते, खर्च तोच राहतो. झाड ती टाकून देतं आणि कमी उजेडात भागेल अशी नवी पानं काढतं. म्हणजे नवीन आणलेल्या झाडाची थोडी पानं पडणारच. तुम्ही जागा बदललीत की त्याचा हिशोब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी नवं झाड आणलं की आठ-दहा दिवस गॅलरीत सावलीला ठेवते, मग उजेडाच्या खिडकीशी, आणि तिथून ते हलत नाही.

दुसरी चूक, पान पिवळं दिसलं की पाणी घालणं. पडलेलं पान हातात घेऊन बघा ना! हिरवंगार पान टपकलं असेल तर जागा, उजेड किंवा गार झोत. पिवळं, मऊ पडलं आणि माती ओली असेल तर पाणी जास्त झालंय. तपकिरी, पापडासारखं कुरकुरीत असेल तर झाड तहानलंय. बोटाने फक्त वरची माती कळते, म्हणून मी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत खोलवर खोचते. काडी ओलसर, मातकट निघाली तर पाणी नाही. वार ठरवून पाणी घालणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय. मे महिन्यात आणि जुलैत एकच माप चालेल कसं?

उलट प्रकारही होतो. कोकोपीट, म्हणजे कुंडीत घालतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, पार सुकलं की आक्रसून कुंडीची कड सोडतं. मग घातलेलं पाणी कडेने सरळ खाली जातं, आणि आपल्याला वाटतं झाड प्यालं. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवायची, मग पूर्ण निथळू द्यायची.

एसीचा झोत अंगावर नको. डिसेंबरात पुण्यात पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, त्या रात्री झाड उघड्या गॅलरीत नको. पानं दुधाने किंवा खोबरेल तेलाने पुसू नका, ओलं फडकं पुरतं. फरशी चिकट लागली तर पानामागे आणि देठाशी खवले कीड शोधा. ती जुन्या टूथब्रशने खरवडायची, मग निंबोळी तेल.

आणि हे कुणी सांगत नाही: आंब्याची अढी झाडाच्या खोलीत घालू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, आणि त्याच वायूने पानाचा देठ फांदीपासून सुटतो. बंद खोलीत दोन पेट्या हापूस आणि शेजारी फायकस, म्हणजे रोज केर.

सगळी पानं गेली तरी झाड फेकू नका. फांदीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. पाणी अगदी बेताने, उजेड भरपूर, खत नवी पानं फुटल्यावरच.

मावसबहिणीचं झाड पुढे छान भरलं. मग तिने हॉल रंगवायला काढला आणि "दोनच दिवस" म्हणून ते जिन्यात नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी न उचलताच ओळखलं.