चिनी वाचनाचा पेपर: तयारी, आणि ती उत्तरपत्रिका

एचएसके, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेच्या, चौथ्या पातळीला मागच्या खेपेस मला ऐकण्यात 71 मिळाले, लिखाणात 54 आणि वाचनात 38. बेरीज 163, आणि पास व्हायला 300 पैकी 180 लागतात. वाचन हाच माझा भक्कम भाग, असं मी घरभर सांगत फिरत होते. खोटंही नव्हतं. 40 पैकी 36 प्रश्नांच्या उत्तरांवर मी प्रश्नपत्रिकेत व्यवस्थित खुणा केल्या होत्या. उत्तरपत्रिकेवर त्यातल्या 17 पोचल्या.

झालं असं की ऐकण्याचा भाग संपल्यावर उत्तरं उतरवायला 5 मिनिटं देतात. मला वाटलं वाचनालाही देतील. देत नाहीत. वाचनाची 40 मिनिटं म्हणजे वाचणं, डोकं खाजवणं आणि चौकटी काळ्या करणं, सगळं धरून 40 मिनिटं. पेपर सोडवताना उत्तर थेट उत्तरपत्रिकेवर. पहिल्या प्रश्नापासून. बाकीचं पुढे सांगते, पण एवढंच वाचून उठलात तरी चालेल.

फॉर्म, फोटो, फी हे सांगायला नको. पासपोर्टवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव एक असू द्या. एक मात्र बघा: 2021 साली नऊ पातळ्यांची नवी रचना जाहीर झाली, तेव्हा पुस्तकं घेण्याआधी आपली परीक्षा कुठल्या नमुन्याची आहे ते तपासा. मी जो पेपर दिला तो जुन्या नमुन्याचा, साधारण 1200 शब्दांचा. लिपी सोपी केलेली, म्हणजे चीनमध्ये चालते ती. तैवानचं पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून उचलू नका.

आता वाचन. पहिलं काम म्हणजे अक्षरांच्या डोक्यावरचं पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेला उच्चार, बंद करा. पहिल्या दोन पातळ्यांच्या पेपरात ते असतं, तिसरीपासून नसतं. मोबाइलवर सहा महिने पिनयिनकडे चोरून बघत वाचलं की आपल्याला वाचता येतं असा भ्रम होतो. मी बडोद्यात मकरपुऱ्याला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, चीनहून माल येतो, म्हणून ही भाषा शिकायला घेतली. खरेदीतल्या माणसाला 'माय' हा शब्द तरी यायला हवा ना? तिसऱ्या सुरात म्हटला तर विकत घेणे, चौथ्या सुरात म्हटला तर विकणे. कानाला सूर कळतो. कागदावर सूर नसतो. 'विकणे'च्या डोक्यावर एक छोटं अधिकचं चिन्ह असतं, 'घेणे'च्या डोक्यावर नसतं, बाकी दोन्ही सारखी. मी एका सराव-उताऱ्यात त्या बाईला घर विकायला लावलं, आणि ती बिचारी घेत होती. अशा जोड्यांची वही करा, हाताने लिहून. अक्षरं ज्यांतून बनतात ते 214 मूळ घटक पाठ करायच्या फंदात पडू नका. पाण्याचे तीन थेंब, माणूस, तोंड, हात, हृदय, झाड असे तीसेक ओळखता आले तरी अनोळखी अक्षर साधारण कुठल्या गोत्राचं ते कळतं.

दुसरी अडचण, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ सलग. हे मला भयंकर वाटायचं, मग एकदा दांडिया बाजारच्या घरी आजोबांच्या पेटीतले मोडी कागद बाहेर काढले. वर एक लांब रेघ ओढलेली आणि खाली न थांबता लिहिलेलं. शब्द कुठे तुटतो ते लिहिणारा सांगत नाही, वाचणाऱ्याने तोडायचं. गायकवाडीतले कारकून दिवसभर हेच वाचत होते, मग आपण 40 मिनिटं वाचायला काय हरकत आहे? रोज एक उतारा घेऊन पेन्सिलीने शब्दांमध्ये उभ्या रेघा मारा. पंधरा दिवसांत डोळा आपोआप तोडायला लागतो. आणि तिरक्या थेंबासारखा एक वेगळा स्वल्पविराम दिसला तर खूश व्हा: तो फक्त यादीतल्या वस्तूंमध्ये येतो, तिथे शब्द त्यानेच तोडून दिलेले असतात.

पेपराचे भाग तीन. पहिल्यात 10 गाळलेल्या जागा. पाच-पाचचे दोन गट, दर गटाला सहा शब्द दिलेले, त्यातला एक उदाहरणात वापरून झालेला असतो. तो आधी खोडा. दुसऱ्यात 10 प्रश्न, प्रत्येकी तीन वाक्यं, ती क्रमाने लावायची. इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे, कारण चिनीतही जोड्या चालतात. 'सुइरान…दानशृ' म्हणजे आपलं 'जरी…तरी', 'यिनवेई…सुओयी' म्हणजे 'कारण…म्हणून'. माझ्या वर्गातली मुलं इंग्रजीतून अर्थ लावायची आणि अडकायची, तिथे मी सुटायचे. 'पण', 'म्हणून', 'तरी' असल्या शब्दाने सुरू होणारं वाक्य पहिलं नसतं. ज्यात माणसाचं किंवा वस्तूचं नाव आहे ते आधी, 'तो', 'ते' म्हणणारं नंतर. आणखी एक जोडगोळी: 'झृयोउ…छाय' म्हणजे 'केलं तरच', 'झृयाओ…ज्यू' म्हणजे 'केलं की झालं'. यांची गल्लत केलीत तर तिसऱ्या भागातही मार खाल.

तिसरा भाग 20 प्रश्नांचा, छोटे उतारे. उताऱ्याखाली चांदणीची खूण असलेली ओळ असते, तो प्रश्न. आधी ती वाचा, मग उतारा. शेवटच्या सहा प्रश्नांत एका उताऱ्यावर दोन-दोन. ते सोडू नका, उतारा एकदाच वाचावा लागतो.

आणि प्रत्येक उत्तर, पुन्हा सांगते, तिथल्या तिथे उत्तरपत्रिकेवर. "दहा झाले की एकदम भरीन" हे मीही ठरवलं होतं. दहाचे वीस झाले, एकविसाव्याला एक उतारा गळ्यात अडकला, आणि पर्यवेक्षक बाईंनी वेळ सांगितली तेव्हा मी पानं उलटत होते. हिशेब करा: एक चौकट नीट काळी करायला 4 सेकंद धरले तरी 40 चौकटींना 160, म्हणजे 2 मिनिटं 40 सेकंद. शेवटच्या मिनिटात मावत नाहीत. हात थरथरत असताना तर नाहीच नाही.

म्हणून घरी सराव करतानाही वहीवर टिकमार्क नाही. कोरी उत्तरपत्रिका इंटरनेटवर मिळते, झेरॉक्सवाल्याकडून वीस प्रती काढून आणा. प्रत्येक सराव-पेपर त्यावर, 40 मिनिटांचं घड्याळ लावून. पेन्सिल टू बी. टोकदार नको, टोक कागदावर घासून थोडं चपटं करून घेतलं की एका आडव्या फटक्यात चौकट भरते. मी टोकदार पेन्सिलीने रांगोळी भरल्यासारखी भरत बसले होते. अडलेल्या प्रश्नावरही काहीतरी भरा, चुकीला गुण कापत नाहीत. संगणकावरची परीक्षा घेतली तर हा सगळा ताप नाही, पण मी कागदाचीच देणार आहे, आता हट्टाने.

वेळापत्रक करताना बडोद्याचं कॅलेंडर समोर ठेवा. नवरात्राच्या नऊ रात्री आणि उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस अभ्यासातून आधीच वजा करा. गच्चीवर पुस्तक घेऊन बसेन म्हणणाऱ्यांनी मला शिकवू नये. आईला मात्र सांगून ठेवा की त्या 40 मिनिटांत "चहा घेतेस का?" विचारायचं नाही.

शेवटचा आठवडा: नवे शब्द बंद, दोन पूर्ण पेपर, जोड्यांची वही. बस.

माझं केंद्र मुंबईला होतं. आदल्या दिवशीच जा, रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट पेपर नको. प्रवेशपत्र, पासपोर्ट, दोन पेन्सिली, खोडरबर. मनगटावर साधं घड्याळ, फोन बाहेर ठेवावा लागतो. नाश्ता हलका, शेव-उसळ परत आल्यावर. वाचनाचा भाग सुरू झाला की प्रश्नपत्रिका डावीकडे, उत्तरपत्रिका उजवीकडे, झाकली जाणार नाही अशी. माझी खाली गेली होती.