सैनिकी सेवेनंतर मानवी हक्कांच्या कामाकडे वळताना

ज्या समजुतींच्या आधारावर आपण गणवेश चढवला, त्यांच्याविषयीच मनात शंका येऊ लागली, तर पहिल्या आवेगात जाहीरपणे बोलायला जाऊ नये. आधी एक वही घ्यावी आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर लिहाव्यात: स्वतः पाहिलेले व स्वतःच्या हातून झालेले, सोबत्यांकडून ऐकलेले, आणि लहानपणापासून खरे मानत आलेले. मनात या तिन्हींची सरमिसळ झालेली असते, आणि ती तशीच राहिली तर पुढे दिलेल्या साक्षीतील एक चूक दाखवून संपूर्ण साक्ष खोटी ठरवणे विरोधकांना सोपे जाते.

यांपैकी तिसरे पान सर्वांत अवघड असते. ‘ते लोक फक्त बळाचीच भाषा जाणतात’ यासारखे वाक्य घरात, शाळेत आणि नंतर प्रशिक्षणात इतक्यांदा कानावर पडलेले असते की ते ऐकलेले मत न वाटता आपलाच अनुभव वाटू लागतो. अशा प्रत्येक वाक्यासमोर ते प्रथम कोणाकडून ऐकले, त्याच्या बळावर आपण कोणती कृती केली, आणि ज्यांच्याविषयी ते आहे त्यांच्यापैकी कोणाशी आपण हातात शस्त्र नसताना कधी बोललो का, हे लिहावे. ज्या वडीलधाऱ्यांनी ही समजूत आपल्याला दिली, त्यांच्यामागे पुष्कळदा युद्धाची किंवा विस्थापनाची खरीखुरी आठवण असते. ती आठवण नाकारण्याचे कारण नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा तपासायचा आहे. हा फरक सांभाळला तर घरच्यांशी बोलण्याची वाटही मोकळी राहते, आणि माझ्या मते ती मोकळी राहणे फार महत्त्वाचे आहे. जुन्या घोषणा टाकून तितक्याच घाईने नव्या घोषणा उचलल्या, तर तपासणी झालीच नाही असे समजावे.

ऐकीव माहितीचे काय करावे, याचा धडा रॉन रायडनहॉर या अमेरिकी सैनिकाने घालून दिला आहे. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना ठार मारले, तेव्हा रायडनहॉर तेथे नव्हते. नंतर ही हकिकत कानावर आल्यावर त्यांनी त्या तुकडीतील ओळखीच्या सैनिकांकडे विचारपूस केली, आणि सेवा संपल्यावर मार्च १९६९ मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सदस्य व सरकारी अधिकारी यांना सविस्तर पत्र पाठवले. कोणी काय सांगितले हे त्यात वेगवेगळे नोंदवले होते. नेमके काय घडले हे आपल्याला खात्रीने ठाऊक नाही असे त्यांनी स्वतःच लिहिले होते, आणि म्हणूनच चौकशीची मागणी केली होती. लष्कराच्या चौकशीला त्या पत्रामुळे चालना मिळाली. आपल्या माहितीची मर्यादा उघडपणे सांगितल्याने त्या पत्राचे बळ वाढले, कमी झाले नाही.

वहीतील पहिल्या पानावर स्वतःचा सहभाग असेल, तर ती वही कोणालाही दाखवण्यापूर्वी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा. गोपनीयतेचे बंधन निवृत्तीनंतरही लागू असू शकते, आणि कबुलीचे कायदेशीर परिणाम होतात. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत समान असलेले तिसरे कलम अवश्य वाचावे. लढाईत भाग न घेणाऱ्यांना आणि शस्त्र खाली ठेवलेल्यांना माणुसकीने वागवण्याचे बंधन ते घालते. ‘वरिष्ठांचा आदेश होता’ एवढ्यावर जबाबदारी संपत नाही, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यांपासून आंतरराष्ट्रीय कायद्यात रुजले आहे. आपण त्या वेळी काय करायला हवे होते, हे या वाचनातून कळते, आणि ते कळणे वेदनादायक असते. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी रूढ केलेली नैतिक इजा ही संज्ञा आता स्वतःच्या विवेकाविरुद्ध वागल्याने होणाऱ्या या यातनेसाठीही वापरतात. तिच्यासाठी जाणकार समुपदेशकाकडे जावे. आपल्या कृतीची झळ ज्यांना पोहोचली, त्यांच्याकडे क्षमा मागून मन हलके करून घेण्यासाठी जाऊ नये, कारण तो भार त्यांनी उचलावा अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

त्यानंतर स्वतःची संघटना काढण्याऐवजी आधीपासून काम करणाऱ्यांच्या हाताखाली निदान काही काळ काढावा. २००४ मध्ये इस्राएली माजी सैनिकांनी सुरू केलेली ‘ब्रेकिंग द सायलेन्स’ ही संस्था सैनिकांच्या जबान्या नोंदवते, त्या पडताळते आणि बहुसंख्य जबान्या नाव न देता प्रसिद्ध करते. सोबत्यांचे अनुभव गोळा करताना हीच शिस्त पाळावी.

पीडितांची जबानी घेताना सैनिकी सवयी आड येतात. भराभर प्रश्न विचारणे, उत्तर तोडणे, समोरच्यावर नजर रोखून बसणे, हे सारे त्यांना चौकशीच्या खोलीची आठवण करून देऊ शकते. आपण पूर्वी सैन्यात होतो हे सुरुवातीलाच सांगावे, आणि त्यांनी आपल्याशी बोलण्यास नकार दिला तर दुसऱ्या सहकाऱ्याला पुढे करावे. छळाची चौकशी व नोंद कशी करावी, यासाठी संयुक्त राष्ट्रांचा इस्तंबूल प्रोटोकॉल हा मार्गदर्शक ग्रंथ आहे. तो शिकल्याशिवाय अशा जबानीला हात घालू नये. जबानी कोठे वापरली जाईल, नाव दिले जाईल का आणि ती मागे घेता येईल का, हे समजावून मगच संमती घ्यावी, आणि पुढे त्या जबानीचे काय झाले हे सांगण्यासाठी त्या व्यक्तीकडे पुन्हा जावे.